वांगाचे दिवस

बाळंतपणाला मी धुळ्याला जाणार म्हटल्यावर जळगावला सासरी सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. धुळ्याच्या घरी आई नव्हती. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या घरात आता एकटे नाना, म्हणजे माझे वडील, राहत होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हे सगळ्यांना मान्य होतं, पण माहेर म्हणजे आई हेही सगळ्यांनी धरलेलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "इथंच राहा. मी आहे ना." मनापासून म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी नानांचा फोन आला.

"मागची खोली रंगवून घेतली," ते म्हणाले. "पाळणा माळ्यावरून काढला. एक कडी झिजली होती, ती बदलली. तू कधी येतेस?"

मला नाही म्हणवलं नाही.

नाना एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी त्यांच्या नखांच्या कडा काळ्याच होत्या. इंजिन उघडायच्या आधी माणूस जशी तयारी करतो तशी त्यांनी माझ्या बाळंतपणाची तयारी केली होती. शेजारणीला विचारून डिंकाच्या लाडवाचं प्रमाण वहीत लिहून घेतलं होतं. शेपू कुठल्या भाजीवालीकडे कोवळी मिळते ते पाहून ठेवलं होतं. बाळाला आणि मला मालिश करायला आमच्या गल्लीतल्या अक्कांना सांगून ठेवलं होतं. अक्कांनी त्या गल्लीतली निम्मी पोरं आपल्या पायांवर आंघोळ घालून मोठी केली होती.

लेक झाली. ती आणि मी घरी आलो तेव्हा नानांनी दारातच तिला हातात घेतलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आत घ्या, ऊन लागतंय." तिला आत घेऊन जायला आम्ही त्यांचीच वाट पाहत होतो.

माझ्या चेहऱ्यावर सातव्या महिन्यापासून वांग आलं होतं. दोन्ही गालांच्या हाडांवर, कपाळावर आणि वरच्या ओठाच्या वर, दुधाच्या चहासारखे तपकिरी डाग. डॉक्टर म्हणाल्या, गरोदरपणात येतं. सासूबाई म्हणाल्या, बाळ झालं की जातं. मीही तेच धरून चालले होते. पण बाळ झालं आणि डाग होते तिथेच राहिले. उलट जास्त गडद झाले. मागच्या ओसरीवर वॉशबेसिनच्या वर नानांचा दाढीचा आरसा होता. लेक झोपली की मी त्या आरशासमोर जाऊन उभी राहायची. एक गाल पुढे करायची, मग दुसरा. कधी वाटायचं कमी झालंय. पाच मिनिटांनी पुन्हा पाहिलं की वाटायचं, नाही, वाढलंय.

नवऱ्याचा जळगावहून व्हिडिओ कॉल आला की मी फोन लेकीकडे धरायची.

"तुझं तोंड दाखव ना जरा," तो म्हणायचा.

"माझं काय बघायचं? हिचं बघ, जांभई देतेय."

तो हसायचा आणि विषय तिथेच संपायचा.

अक्कांनी पहिल्याच दिवशी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे फिरवला. त्या अहिराणीच बोलायच्या. म्हणाल्या, "वांग शे माय, दुसरं काही नही. मसूरनी दाय दूधमा वाटीसन लाव. सवा महिनामा निंघी जाई."

त्यांचं वाक्य संपायच्या आत नाना स्वयंपाकघरात होते. मसूर भिजत घातली. दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून काढून दुधात कालवून वाटी माझ्यासमोर आणून ठेवली. स्वतः दारात उभे. "बारीक झालंय का? अजून एकदा फिरवू?"

"झालंय नाना."

झालं नव्हतं. रवाळ होतं. मी ते गालाला लावून खसाखसा चोळायची, कारण चोळल्याशिवाय डाग निघणार नाही असं मला वाटायचं. नंतर गाल लाल व्हायचे, चुरचुरायचे. मी म्हणायची, चला, काहीतरी होतंय. सकाळी लेकीला घेऊन ओसरीवर कोवळ्या उन्हात बसायची. संध्याकाळी अक्का शेगडीवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायच्या, तेव्हा शेगडीची धग थेट तोंडावर यायची. हे सगळं वांगाला खतपाणी घालत होतं, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

बारशाला जळगावहून सासरची मंडळी आली. नानांनी मांडव घातला नव्हता, पण ओसरीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. पाळण्याभोवती बायका जमल्या. गाणी झाली, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या. मग नवऱ्याच्या एका काकूंनी बाळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी कशी गोरीपान! आणि हिचं तोंड बघा, केळीचा लोंगर गाडीवर घासून काळा पडावा तसं झालंय."

काकू रावेरच्या. त्यांच्या घरचा सगळा व्यवहार केळीचा, त्यामुळे तोंडात केळीचा घडच येणार. सगळ्या हसल्या. मीही हसले. काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही ठाऊक आहे. पण फोटो काढायची वेळ आली तेव्हा मी लेकीला दुपट्यासकट इतकी वर धरली, की बारशाच्या एकाही फोटोत माझा पूर्ण चेहरा नाही.

जाताना नात्यातल्या एका मुलीने मला बाजूला घेतलं. नवीन लग्न झालेली, चेहरा अगदी स्वच्छ. तिने माझ्या फोनवर एका क्रीमचं नाव टाइप करून दिलं. "वहिनी, कुणाला सांगू नका. रोज लावा फक्त. पंधरा दिवसांत बघा."

दुसऱ्या दिवशी नाना लंगोटाचं कापड आणि ग्राइप वॉटर आणायला निघाले तेव्हा मी ते नाव त्यांना चिठ्ठीवर लिहून दिलं.

"हे कशाचं?"

"मानेला पुरळ आलंय. त्याचं."

खोटं बोलले. तोंडासाठी म्हणाले असते तरी त्यांनी आणलंच असतं, पण मला लाज वाटली. तीन आठवड्यांच्या बाळाची आई आणि लक्ष सगळं आपल्या गालाकडे, असं त्यांना वाटू नये म्हणून. मेडिकलवाल्याने काही विचारलं नाही. नानांनी ट्यूब आणून माझ्या उशाशी ठेवली.

क्रीमने खरंच काम केलं. आठवड्याभरात डाग फिकट झाले, गाल गुळगुळीत झाले. अक्का म्हणाल्या, "देख, मी सांगेल व्हतं ना!" त्यांना वाटलं, डाळीचा गुण. नानांनाही तसंच वाटलं. ते दुप्पट उत्साहाने डाळ वाटू लागले. मी वाटी घ्यायची, थोडी लावल्यासारखी करायची आणि रोज सकाळ-संध्याकाळ क्रीम लावायची. त्या दिवसांत मी नवऱ्याला व्हिडिओ कॉलवर स्वतःहून चेहरा दाखवला. "काय गं, एकदम चमकतेस," तो म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी दुसरी ट्यूब मागवली.

दुसरी ट्यूब अर्धी झाली असेल. एका दुपारी लेकीला दूध पाजून खांद्यावर घेतलं आणि ढेकर निघेपर्यंत तिचा गाल माझ्या गालाला लावून येरझाऱ्या घालत होते. खाली ठेवलं तर तिच्या उजव्या गालावर बारीक लाल पुरळ. मी माझा उजवा गाल पाहिला. तोही लाल होता. त्याच्यावर कधी नव्हे ती मऊ काळी लव आली होती आणि उन्हात गेलं की तिखट लागल्यासारखी आग व्हायची, हे मला चार दिवस जाणवत होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं.

मी ट्यूब उचलून कपाटात मागे टाकली आणि लावणं एकदम बंद केलं. लेकीला घेतलं की मान वळवून धरायची. तिचं तोंड माझ्या तोंडाजवळ आलं की माझं अंग आक्रसायचं. ती माझ्याकडे वळून गालावर ओठ टेकवायला बघायची, भुकेने की मायेने कोण जाणे, आणि मी मागे सरकायची. या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त तेच आठवतं.

क्रीम थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी चेहरा सुजला. गाल लालभडक, हनुवटीवर फोडांचा सडा, डाग पहिल्यापेक्षा काळे. अक्का मालिशला आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय वं माय, तोंडले काय व्हई गयं तुन्हा?"

मला रडू फुटलं. अक्कांनी बाळाला पाळण्यात ठेवलं, माझं डोकं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि हाक मारली, "ओ भाऊ, आठे या बरं!"

नाना आले. मी सगळं सांगितलं. मानेच्या पुरळाचं खोटं सांगितलं, तेही. त्यांनी ट्यूब मागितली. ओसरीवर जाऊन बसले. चष्मा लावला, वर आणखी भिंग घेतलं, जे ते एकेकाळी पार्टांवरचे नंबर वाचायला वापरायचे, आणि ट्यूबवरचा बारीक मजकूर ओळीवर ओळ वाचत राहिले. खाली एक तांबडी पट्टी होती आणि तिच्याजवळ लिहिलं होतं, की हे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

बऱ्याच वेळाने आत आले. "आयुष्यभर दुसऱ्याच्या गाडीत ऑइल भरताना डब्यावरचं वाचून भरलं," ते म्हणाले. "आणि पोरीच्या तोंडाला लावायचं ते नाही वाचलं."

"नाना, तुम्हाला मी खोटं सांगितलं होतं."

"मानेला लावायचं असतं तरी वाचायला नको होतं का?" एवढं म्हणून ते चप्पल घालून बाहेर पडले. तासाभराने परत आले ते स्किनच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेऊनच.

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. लेक नानांच्या मांडीवर होती. डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी भिंग आणि दिवा घेऊन माझा चेहरा पाहिला आणि विचारलं, "काय लावत होता?"

नानांनी खिशातून ट्यूब काढून टेबलावर ठेवली. "मी आणलं होतं," ते म्हणाले.

"मी आणायला सांगितलं होतं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या नाहीत. "यात स्टिरॉइड आहे," त्या म्हणाल्या. "स्टिरॉइड म्हणजे विष नाही, औषधच आहे. पण ते आम्ही ठरवून, मोजके दिवस, मोजक्या जागी देतो. रोज तोंडाला लावलं की आधी छान वाटतं आणि मग कातडी पातळ होते. अचानक थांबवलं की असा भडका उडतो. खूप जणी अशाच येतात. तुम्ही लवकर आलात."

"बाळाच्या गालावर पण पुरळ आलं होतं," मी म्हणाले आणि नानांच्या मांडीवरून लेकीला उचललं.

त्यांनी लेकीला दिव्याखाली घेतलं, गाल, मान, काखा पाहिल्या. "हे घामोळं आहे. मानेवरही आहे बघा, तिथे तर तुमचा गाल लागत नव्हता. पण क्रीम लावलेला गाल बाळाला लावायचा नाही, हे तुम्ही बरोबर केलंत. आता घरी जाऊन तोंड नुसत्या पाण्याने धुवा आणि तिला जवळ घ्या. खुशाल घ्या."

मग त्यांनी विचारलं, सकाळी उन्हात बसता का. बसते. शेगडी घेता का. घेते. तोंड चोळता का. चोळते. त्या हसल्या. "म्हणजे वांगाला जे जे आवडतं ते सगळं चाललंय." डाळ बंद, लिंबू बंद, चोळणं बंद. साधं मॉइश्चरायझर, अंगावर दूध पाजणाऱ्या आईला चालेल असं एक मलम, आणि चेहरा निवला की रोज सनस्क्रीन, घरात असलं तरी.

"वांग जाईल ना?" मी विचारलं.

"कमी होईल. महिने लागतील. पूर्ण जाईलच असं मी कबूल करणार नाही. दर महिन्याला येऊन दाखवा."

घरी आल्यावर मी तोंड धुतलं, स्वच्छ पंच्याने टिपलं आणि लेकीला घेऊन खोलीत बसले. तिचा गाल माझ्या गालाला लावला. तिने लगेच तोंड उघडून माझा गाल चोखायला सुरुवात केली, अगदी जोर लावून. नाना दारातून डोकावले आणि आल्या पावली परत गेले.

त्यांनी दुसऱ्या दिवशी घराचा कारभार बदलून टाकला. ओसरीला हिरवं शेडनेट बांधलं. शेगडी खोलीच्या पार कोपऱ्यात नेली आणि अक्कांना सांगितलं, धुरी बाळाला आणि हिला दोघींनाही नको. अक्का थोड्या रुसल्या, मग म्हणाल्या, "डाक्टरीन सांगस तर नही देवाव." सकाळच्या उन्हासाठी मी लेकीला उचलायला गेले तर नानांनी माझ्या हातून तिला घेतलं.

"ऊन तिला पाहिजे, तुला नको. मी बसतो."

तेव्हापासून रोज सकाळी ते तिला मांडीवर घेऊन पायरीवर बसायचे आणि मी आत सावलीत बसून त्यांचं बोलणं ऐकायची. ते तिला गीअर बॉक्स कसा उघडायचा ते समजावून सांगत असायचे.

एका संध्याकाळी ते लसूण सोलत होते आणि मी गालाला मलम लावत होते. हळूच, टिपून, चोळायचं नाही म्हणून. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझ्या आईलाही होतं. तुझ्या वेळेस."

मी थांबले. "वांग?"

"हो. इथं, ओठावर, आणि गालांवर. पुढे कमी झालं, पण राहिलं."

मी आईचा चेहरा आठवू लागले. तिच्या गालांवर सावलीसारखं काहीतरी होतं खरं. पण ते मला कधी डाग म्हणून दिसलंच नव्हतं. आईचा चेहरा तसाच असायचा. तिच्याजवळ झोपले की सगळ्यात आधी तोच भाग माझ्या नाकाला लागायचा.

"ती काय लावायची मग?"

"कोण जाणे." नानांनी पाकळी वाटीत टाकली. "एकदा मला म्हणाली, फार दिसतं का हो? मी पेपर वाचत होतो. म्हटलं, काय? तर म्हणाली, काही नाही. परत कधी विचारलं नाही तिने." त्यांनी पुढची पाकळी घेतली. "मला खरंच दिसत नव्हतं गं. पण तिला वाटलं असणार, मी बघतच नाही. तेही खोटं नव्हतं."

मी उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि लसूण सोलू लागले. मलमाच्या हाताने सोलू नकोस, असं ते म्हणाले, म्हणून मग नुसतीच बसले.

तिसरा महिना संपल्यावर मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी आले. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो खूप वेळ माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, मी नजर चुकवेपर्यंत. "फोनवर मी म्हणालो ना, चमकतेस," तो म्हणाला, "तेव्हा नको होतं म्हणायला." मग स्कूटरच्या डिकीत माझ्यासाठी रुंद काठाची टोपी आणून ठेवली. ती टोपी घालून मी मळ्यातल्या बुजगावण्यासारखी दिसते, पण घालते.

लेक सहा महिन्यांची झाली तेव्हा शाळेत पुन्हा रुजू झाले. मी दुसरीच्या वर्गाला शिकवते. मोठी माणसं माझ्या गालाकडे पाहून नजर हटवायची, दुसरीच्या पोरांना ते जमत नाही. पहिल्याच दिवशी पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या गालावर चहा सांडला?"

"नाही गं. मला बाळ झालं ना, म्हणून."

तिने विचार केला. "बाळाने सांडला?"

अख्खा वर्ग हसला आणि मीही. बारशाला हसले होते तशी नाही, पोट धरून.

दर महिन्याला मी लेकीला घेऊन धुळ्याला डॉक्टरांकडे जायची. नाना स्टँडवर उभे असायचे. बस थांबायच्या आधीच ते इंजिनाचा आवाज ऐकून ड्रायव्हरला काहीतरी सांगायला पुढे व्हायचे, मग त्यांना आमची आठवण यायची. कपाळ आधी निवळलं. मग ओठावरचं गेलं. लव गळून गेली. उजव्या गालावरचा डाग मात्र फिकट होऊन तिथेच थांबला. एप्रिल-मे आला की जरा गडद होतो, पावसाळ्यात उतरतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं.

लेक वर्षाची झाली त्याच्या पुढच्या खेपेला डॉक्टरांनी दिव्याखाली चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "आता छान आहे. सनस्क्रीन सोडू नका. आता सहा महिन्यांनी आलात तरी चालेल."

मी खूश होऊन बाहेर आले. नाना लेकीचं बोट धरून तिला बाकापासून दारापर्यंत चालवत होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वा, वा. चांगलं झालं." आणि पुन्हा तिला चालवू लागले. दोन फेऱ्या झाल्या. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे पुढच्या महिन्यात काही नाही?"

"आहे ना," मी म्हणाले. "डॉक्टरांकडे नाही. तुमच्याकडे येणार."

ते थांबले. लेकही त्यांच्या बोटाला लटकून थांबली.

"मग सकाळची गाडी धर," ते म्हणाले. "दुपारच्या गाड्यांना गर्दी असते."